इंग्लंडमध्ये पाच दिवस पायी फिरायचं आहे: शहर, डोंगर आणि जुने पब एकाच ठिकाणी कुठे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये पाच दिवस हाताशी आहेत, सोबत पत्नी आणि बासष्ट वर्षांची आई आहे, गाडी चालवायची नाही आणि घरात दारू कोणीच घेत नाही, मग पबमध्ये जावं की नाही. माझं उत्तर असं: पाचही दिवस शेफील्डला मुक्काम करा, आणि पबमध्ये नक्की जा.

नोकरीमुळे मी तिथे तीन वर्षं काढली. पुणं सोडल्यावर शनिवार-रविवार उजाडला की सिंहगडाची आठवण छळायची. ती हुरहुर या गावाने भागवली. आपल्याकडचे लोक लंडन, एडिंबरा, फार तर लेक डिस्ट्रिक्टला जातात. शेफील्ड म्हणजे पोलादाचं आणि सुऱ्या-कात्र्यांचं गाव, तिथे काय बघायचं असं वाटतं. पण शहराच्या हद्दीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. म्हणजे सकाळी घराबाहेर पडायचं आणि चालत चालत डोंगरावर पोहोचायचं.

पहिल्या दिवशी तेच करा. एंडक्लिफ पार्कपासून पोर्टर ब्रूक नावाच्या ओढ्याच्या काठाने वर जायला लागा. ओढा उडी मारून ओलांडता येईल एवढाच आहे, पण थोड्या थोड्या अंतरावर बांध घालून तळी केलेली दिसतात. या पाण्यावर धार लावण्याचे कारखाने चालायचे. त्यातला शेफर्ड व्हील अजून जागेवर आहे. ठरावीक दिवशीच उघडतो, म्हणून आधी वेळ बघून घ्या. आत अंधारात दगडी चाकांची रांग आहे, आणि प्रत्येक चाकामागे लाकडी बैठक. कामगार तिच्यावर घोड्यासारखा दोन्हीकडे पाय टाकून बसायचा आणि फिरत्या दगडावर पातं दाबून धरायचा. दगडाची आणि लोखंडाची धूळ छातीत साठून कित्येक जण तरुणपणीच गेले. मी त्या बैठकीच्या गुळगुळीत झालेल्या लाकडावरून हात फिरवला तेव्हा पोटात कालवलं.

पुढे फोर्ज डॅम, मग रिंगिंगलो. तिथे नॉरफोक आर्म्स हा पब आहे, आईंना दम खायला उत्तम जागा. त्यांना इथवरच पुरे वाटलं तर थांबू द्या. तुम्ही दोघं पुढे बर्बेजच्या माळावरून हॅथरसेजला उतरा. एकूण चाल साधारण पंधरा किलोमीटर होते, आणि परतीला रेल्वे आहे. वाटेत जमलं तर स्टॅनेजच्या कड्याकडे वळा. कड्याच्या पायथ्याशी गवतात जात्याचे प्रचंड दगड पडलेले आहेत, टाकीचे घाव अजून ताजे वाटावेत असे. घडवले, पण गिऱ्हाईक गेलं आणि तिथेच राहिले. याच खरबरीत दगडाची जाती आणि धार लावायची चाकं होत असत. खाली ओढ्याकाठी जे बघितलं त्याचं मूळ इथे वर आहे, आणि ते पायांनी जोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी शहर आणि डोंगर असे वेगळे दिवस सुचवत नाही.

आता किंडर स्काउट हा डोंगर. शेफील्डहून हेफील्डकडे वगैरे जाऊ नका, हॅथरसेजवरून जाणाऱ्याच रेल्वेने एडेलला उतरा, अर्धा-पाऊण तास लागतो. उंची फक्त ६३६ मीटर, आपल्या सिंहगडाच्या निम्मी. पण वरचं पठार म्हणजे काळा, दलदलीसारखा पीटचा (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचा) माळ, आणि ढग उतरले की दहा पावलांवरचं दिसत नाही. हवा चांगली असेल तरच जा. जेकब्ज लॅडर या जुन्या, ओझ्याच्या घोड्यांच्या वाटेने चढा. कडेला चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे आहेत, अगदी कोकणातल्यासारखे. पश्चिमेचा वारा जोरात असेल तर किंडर डाउनफॉल हा धबधबा नाणेघाटातल्यासारखा उलटा वर उडताना दिसतो. मला तो एकदाच तसा दिसला, आणि मी तिथे चिंब होईपर्यंत उभा राहिलो.

या डोंगरावर पूर्वी पाऊल टाकता येत नव्हतं. जमीनदारांनी तो ग्राऊज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखला होता. आठवडाभर कारखान्यात धूळ खाणाऱ्या माणसांना रविवारी मोकळी हवा हवी होती आणि पहारेकरी त्यांना हाकलत. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो जण ठरवून किंडरवर घुसले, बहुतेक मँचेस्टरच्या बाजूने, आणि शेफील्डची एक तुकडी एडेलहून. पाच जणांना तुरुंगवास झाला. पीक डिस्ट्रिक्ट १९५१ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, १९६५ मध्ये एडेलहून थेट स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाणारा पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग खुला झाला, आणि असे माळ कायद्याने सर्वांना मोकळे व्हायला २००० साल उजाडलं. तुम्ही कोणाच्या तरी शेतातून फाटक उघडून जाल तेव्हा संकोच करू नका. पिवळा बाण दिसला की ती वाट तुमच्या हक्काची आहे. फाटक मात्र जसं होतं तसंच लावा, आणि वासरं बरोबर असलेल्या गाईंपासून लांबून जा.

आईंसाठी वेगळा दिवस: एडेलहून हॉलिन्स क्रॉसची खिंड, मॅम टॉर ही टेकडी आणि पलीकडे कॅसलटन गाव. चढ आहे, पण वाट बरीचशी फरसबंदीची. एडेलला चर्च नव्हतं तेव्हा मयत याच खिंडीतून पलीकडे नेत. मॅम टॉरची एक बाजू सतत घसरते, तिने खालचा हमरस्ता एवढा मोडला की १९७९ मध्ये तो कायमचा बंद केला. डांबराचे थर पायऱ्यांसारखे खचलेले दिसतात. त्यावरून चालत खाली या.

आता पबचं. दारू पीत नाही म्हणून पब टाळलात तर गावातली माणसं भेटायची जागाच टाळलीत असं होईल. एडेलच्या ओल्ड नॅग्ज हेडपासून पेनाइन वे सुरू होतो. कॅसलटनमध्येही जवळपास त्याच नावाचा पब आहे, एकमेकांना भेटायचं ठरवाल तर गाव सांगा. एका संध्याकाळी आम्ही भिजून अशाच एका पबात शिरलो. दगडी फरशी, कोपऱ्यात शेगडी, खाली पाण्याचं भांडं आणि त्यात तोंड घातलेला कुत्रा. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आमचा ओला नकाशा स्वतःच्या टेबलावर पसरला, बोटाने एक वाट दाखवली आणि म्हणाले, उद्या इकडून जा, तिकडे चिखल आहे. ते बोट आणि तो सल्ला कुठल्याही ॲपवर मिळाला नसता.

रीत सोपी आहे. वेटरची वाट बघत बसायचं नाही, काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. लाइम-सोडा मागा, कोणी वळूनही बघत नाही. जिंजर बिअर बहुधा बिनदारूची असते, पण सगळी नाही, तेव्हा विचारून घ्या. शाकाहारी असाल तर चिप्स कशात तळतात हेही विचारा, उत्तरेत गाईच्या चरबीत तळायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आणि जेवण वेळेत गाठा. आम्ही एकदा पावणेतीनला एका गावात पोहोचलो, स्वयंपाकघर बंद झालेलं, माझ्या आईला सकाळपासूनच्या चालीनंतर वेफर्सवर भागवावं लागलं. त्याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पिशवीत दशम्या नाहीतर ठेपले असायचेच.

शेवटचा दिवस शहरात, केलहॅम आयलंडला. संग्रहालयात १९०५ चं रिव्हर डॉन इंजिन आहे, १२,००० अश्वशक्तीचं, चिलखती पत्रे लाटण्यासाठी बनवलेलं. ते ज्या दिवशी वाफेवर चालवतात त्या वेळेला जा, पायाखालची जमीन हलते. जवळच फॅट कॅट हा पब आहे. आणि डॉन नदीच्या काठाने चालताना एक लक्षात असू द्या: ११ मार्च १८६४ च्या रात्री वरच्या खोऱ्यातलं डेल डाइक धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटलं आणि सुमारे २४० माणसं गेली. माझ्या आजीने पानशेतचा पूर पाहिलेला. मी फोनवर तिला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, रात्री फुटलं का गं बाई, मग लोकांना कळलं तरी कसं असेल.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, १:२५,००० चा घ्या. किंडरच्या बाजूचा ओएल १ आणि दक्षिणेचा ओएल २४. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा.