सोव्हिएत रशियातले लेखक-कलावंत सरकारपुढे इतके का वाकले? नुसत्या सेन्सॉरच्या भीतीने?

सेन्सॉर होताच. १९२२ पासून 'ग्लाव्हलित' नावाचं खातं छापायच्या आधी प्रत्येक मजकूर तपासायचं. पण तेवढ्याने कोणी इतकं वाकत नाही. तिथे सरकारने कलावंताचं पोटच आपल्या मुठीत घेतलं होतं.

१९३२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सगळ्या साहित्यसंस्था बरखास्त केल्या आणि एकच लेखक संघ काढला. १९३४ च्या अधिवेशनात 'समाजवादी वास्तववाद', म्हणजे समाजवादाची वाटचाल गौरवाने रंगवायची, ही एकच वाट ठरवून दिली. संगीतकार, चित्रकार यांचेही असेच संघ. संघाचं सभासदत्व असेल तर राहायला जागा, मॉस्कोजवळ पेरेदेल्किनोच्या लेखक-वसाहतीत बंगला, आजारपणात मदत. खासगी प्रकाशक उरलेच नव्हते, त्यामुळे संघाने काढलं की दुसरीकडे जायची सोयच नाही. मग ग्लाव्हलितपर्यंत कागद जायच्या आधी संपादकच ओळी खोडायचा, आणि त्याच्याही आधी लेखक स्वतः.

१९६४ मध्ये लेनिनग्राडला जोसेफ ब्रॉडस्कीवर ऐतखाऊपणाचा खटला चालला. तुम्हाला कवींमध्ये कोणी घेतलं, असं न्यायाधीश बाईंनी विचारलं. कोणीच नाही, पण माणसांमध्ये तरी मला कोणी घेतलं, असं तो उलट म्हणाला. संघाचा सभासद नाही म्हणून कवी नाही, कवी नाही म्हणून बेकार, आणि बेकार राहणं हा गुन्हा! पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. दीडेक वर्षात सुटला, १९७२ मध्ये देशाबाहेर घालवला गेला. १९८७ चं साहित्याचं नोबेल त्याचंच.

आपल्याकडे सोव्हिएत पुस्तकं किती स्वस्त मिळायची, छपाई किती देखणी! त्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला हे सगळं वाचताना फार यातना होतात. कवयित्री आन्ना अख्मातोवांचं तर फारच.

१९३८ मध्ये त्यांच्या मुलाला, लेव्हला, पकडलं. तुरुंगाबाहेरच्या रांगांत उभ्या राहणाऱ्या बायकांवर त्यांनी कविता रचल्या, पण लिहून ठेवायची सोय नव्हती. मैत्रीण लिदिया चुकोव्स्काया घरी आली की भिंतींना कान असतील म्हणून मोठ्याने 'चहा घेणार का?' वगैरे बोलायचं, तेवढ्यात चिठोऱ्यावर ओळी खरडून तिच्या हातात द्यायच्या. तिने त्या पाठ केल्या की चिठोरा रक्षापात्रात जाळून टाकायचा. रशियात त्या कविता पूर्ण छापल्या गेल्या १९८७ मध्ये. बाई १९६६ मध्येच गेल्या होत्या.

१९४६ मध्ये त्यांना संघातून काढलं आणि रेशनकार्डही गेलं. अशी करारी बाई, तरी १९४९ मध्ये मुलाला पुन्हा पकडल्यावर त्यांनी स्तालिनची स्तुती करणाऱ्या कविता लिहिल्या, त्या १९५० मध्ये 'अगन्योक' साप्ताहिकात छापून आल्या. वाकल्या म्हणून त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. लेव्ह सुटला १९५६ मध्ये, स्तालिन मेल्यावर तीन वर्षांनी.