सॅक्सोफोनच्या जुन्या रीडवर काळे डाग पडलेत. डेटॉलमध्ये उकळून किंवा स्पिरिटमध्ये ठेवून वापरता येतील का?

नाही. डेटॉल नको, उकळणं नको, आणि स्पिरिट तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड ऑल्टो सॅक्सोफोन घेतला, त्याच्या पेटीत सहा रीड (तोंडाशी लावायच्या, थरथरून सूर काढणाऱ्या पातळ पट्ट्या) निघाल्या, चारांवर काळे ठिपके आहेत आणि ‘एका जुन्या बँडवाल्या काकांनी’ त्या रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवायला सांगितल्या. हे ‘जुने बँडवाले काका’ वाचलं आणि मी चहा बाजूला सारून लिहायला बसलो. असे एक काका माझ्याही वाट्याला आले होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, अजूनही म्हणतो. वय ८१, मुक्काम चिपळूणजवळचं गाव, आणि स्पिरिटच्या बाबतीत आजही एक इंच मागे हटलेले नाहीत.

१९९७ चा गणपती. मी एकोणीस वर्षांचा. लालबागला चाळीत राहायचो, दिवसा एका छापखान्यात बायंडिंगचं काम आणि संध्याकाळी मास्तरांच्या बँडमध्ये ऑल्टो. मास्तर स्वतः क्लॅरिनेट आणि ऑल्टो दोन्ही वाजवायचे, आणि काय वाजवायचे! लगीनसराईत एका दिवशी तीन-तीन सुपाऱ्या, म्हणजे वाजवायची कामं, असायच्या. तिसऱ्या वरातीतसुद्धा त्यांचा सूर पहिल्या वरातीइतका ताजा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाटेल मी त्यांचा दुस्वास करतोय.

तर, मास्तरांकडे क्वार्टरच्या एका रिकाम्या बाटलीत निळसर स्पिरिट असायचं. आमच्या चाळीखाली एक सुतार होता, त्याच्याकडून आणलेलं. सुतार त्याच स्पिरिटमध्ये चपडा लाख भिजवून कपाटांना पॉलिश मारायचा. मास्तर सुपारीच्या आदल्या रात्री रीड त्या बाटलीत सोडायचे आणि सकाळी काढून झटकायचे. ‘रीड मरत नाही, किडे मरतात’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अनंत चतुर्दशीच्या सकाळी त्यांनी मला अशीच एक रीड काढून दिली. मी विचारलं, पाण्याने धुवून घेऊ का? म्हणाले, ‘‘पाणी लावलंस की सगळा असर गेला. लाव तशीच.’’

लावली. दहाच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या मंडळाचा गणपती हलला. भारतमाता टॉकीजच्या पुढे येईपर्यंत काही जाणवलं नाही. भायखळ्याला खालचा ओठ चुरचुरायला लागला. मला वाटलं गुलाल गेला असेल तोंडात. तसाही जातोच. नागपाड्याला ओठ जड वाटायला लागला, दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर वाटतो तसा. सॅक्स वाजवणाऱ्याला सांगायला नको, खालचा ओठ दातांवर दुमडून रीड त्याच्यावरच टेकवायची असते, म्हणजे ओठ वाचवू म्हटलं तरी वाचवता येत नाही. सी. पी. टँकला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि आतल्या बाजूने फोड आला होता. त्यात वरून पाऊस. रीडच्या टोकाला उभी चीर गेली आणि सुरातून कावळा बोलायला लागला. मास्तरांकडे बघितलं. त्यांनी क्लॅरिनेट तोंडातून न काढता भुवयांनीच सांगितलं, वाजव.

ऑपेरा हाऊसला मी फक्त बोटं हलवत होतो. पुढचं सगळं ट्रम्पेटवाल्याने ओढून नेलं. पहाटे चौपाटीवर विसर्जन झालं, आम्ही वाळूत बसलो, कुणीतरी वडापाव आणले. मला तो चावता येईना. मास्तरांनी बॅटरी मारून माझा ओठ बघितला आणि म्हणाले, ‘‘ओठ कच्चा आहे रे तुझा.’’

बस, एवढंच. पुढे जिथे सुपारी तिथे ओळख करून द्यायची तर हीच: हा आमचा कच्च्या ओठाचा कलाकार. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा. नाक्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘‘तोंडाला काय लावलंस?’’ मी सांगितल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. हे मी मास्तरांना शंभर वेळा सांगितलंय. त्यांचं म्हणणं, डॉक्टर काय सॅक्सोफोन वाजवतो का?

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्पिरिट माणसाने पिऊ नये म्हणून मुद्दाम नासवलेलं असतं. त्यात मिथेनॉल असू शकतं. मिथेनॉल म्हणजे काय हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती त्यानेच. रीडला लागून येतं ते थेंबभर, त्याने कुणी लगेच मरत नाही, मान्य. पण जी वस्तू तासन् तास ओठावर आणि जिभेवर राहणार तिला विष चोळायचं कशाला? आणि आमच्या बाटलीत तर चपड्याचा अंशही असणार. मास्तरांच्या रीडला जी ‘चकाकी’ यायची ती कपाटाच्या पॉलिशची होती, असं माझं ठाम मत आहे. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिटही तोंडात घालायसाठी नसतं. डेटॉलचंही तेच. शिवाय त्याचा वास आणि चव रीडमध्ये मुरते ती मुरतेच.

रीड म्हणजे काही प्लास्टिकची पट्टी नाही. ते एक उंच गवत आहे, अरुंडो डोनॅक्स नावाचं, आपल्या बोरूच्याच जातकुळीतलं. नावाजलेली रीड होते ती दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातल्या याच गवताची. ते हिवाळ्यात कापतात, उन्हात वाळवतात, पुढे दोनेक वर्षं मुरवतात आणि मग तासतात. आत कडक धागे आणि मधे मऊ गर. टोकाशी जाडी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. स्पिरिट त्यातलं पाणी झपाट्याने ओढून घेतं. टोक आधी सुकतं, बुंधा मागाहून, आणि टोकाला चुण्या पडतात. चीर जाते ती तिथूनच. उकळलं तर उलटं होतं: गर फुगतो, आतला रस पाण्यात उतरतो आणि सपाट पाठ वाकडी होते. पाठ वाकडी झाली की रीड माउथपीसवर (वाद्याच्या तोंडात धरायच्या भागावर) नीट बसत नाही, हवा बाजूने निसटते, मग तुम्ही कितीही दम लावा. ब्लीचचं तर नावही काढू नका.

आता माझा आणि मास्तरांचा मूळ वाद. त्यांच्या रीड टिकायच्या, हे खरं आहे. इतरांची पंधरा दिवसांत मरायची तिथे त्यांची दोन-दोन महिने चालायची. ते याचं श्रेय स्पिरिटला देतात. मी त्यांच्या शेजारी सहा वर्षं बसलो, मी काय बघितलं ते सांगतो. सुपारी संपली की चहाच्या आधी, पैशांच्या आधी, मास्तर रीड काढून नळाखाली धरायचे. नळ नसेल तर बिसलेरीच्या बाटलीतलं पाणी. मग अंगठ्याने बुंध्याकडून टोकाकडे, नेहमी त्याच दिशेने, पाणी निपटून काढायचे आणि रीड काचेच्या एका तुकड्यावर पालथी घालून रबर बँड लावायचे. आणि एकच रीड रोज नाही वापरायची. चार रीड पाळीपाळीने. रीडला मारते ती लाळ. लाळेतलं सगळं गरात साचतं, त्यावर बुरशी धरते, रीड जड होते. साधं पाणी लाळ धुवून काढतं, सपाट काचेवर पाठ सरळ राहते, पाळी लावली की प्रत्येकीला पुरतं सुकायला वेळ मिळतो. मास्तरांची रीड टिकली ती नळाच्या पाण्याने. स्पिरिट नुसता देव्हाऱ्यातला दिवा होता. त्यांचा नातू या साइटवर आहे, तो त्यांना हे वाचून दाखवेल. दाखवू दे.

जंतूंचं काहीतरी करायचंच असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड. हे मला बांद्र्याच्या एका क्लॅरिनेटवाल्या अंकलनी शिकवलं; रेकॉर्डिंगच्या जमान्यातला माणूस, रीडची डबी जपमाळेसारखी जपायचा. केमिस्टकडे ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेली बाटली मिळते, ती ६ टक्क्यांची असते. तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा, रीड दहा मिनिटं ठेवा, फेस येईल, येऊ द्या. मग वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं, मागे काही राहत नाही. पण हे महिन्यातून एखाद्या वेळी, आणि स्वतःच्या रीडला. रोज केलंत तर तेही धागे खातं. पार्लरमधलं जास्त ताकदीचं पेरॉक्साइड वापरू नका, कातडी भाजते.

आणि हे फक्त चांगल्या रीडसाठी. काळे ठिपके म्हणजे बुरशी, ती वरवर नसते, गरात उतरलेली असते. वरून पुसून ती जात नाही. या थट्टेच्या गोष्टी नाहीत. वाद्यातली बुरशी श्वासातून जाऊन फुप्फुस बिघडतं, त्याला डॉक्टरांनी ‘सॅक्सोफोन लंग’ असं नाव दिलंय. इंग्लंडमधल्या एका बॅगपाइप वाजवणाऱ्याची केस २०१६ मध्ये छापून आली होती: त्याचं फुप्फुस वर्षानुवर्षं बिघडत गेलं, मधे तीन महिने तो वाद्य घरी ठेवून ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा त्याला बरं वाटलं, परत आल्यावर पुन्हा तेच. वाद्यात बुरशी निघाली, पण तोवर उशीर झाला होता, माणूस गेला. तेव्हा त्या चार रीड कचऱ्यात टाका. उरलेल्या दोनसुद्धा. अनोळखी माणसाच्या तोंडातली रीड आहे ती. त्याचा टूथब्रश पेटीत निघाला असता तर तुम्ही उकळून वापरला असता का? धोबीतलावला वाद्यांच्या दुकानात जा, रीडची नवीन पेटी घ्या. शिकताय तर २ किंवा अडीच नंबर (नंबर म्हणजे रीडचा कडकपणा).

मुंबईचा पाऊस हे वेगळंच प्रकरण आहे. जून ते सप्टेंबर रीड इथे सुकतच नाही. ती ज्या प्लास्टिकच्या छोट्या कव्हरात येते त्यात ओली घालून पेटी बंद केलीत की चार दिवसांत ठिपके. धुवा, निपटा, पंख्याखाली तासभर ठेवा आणि मगच बंद करा. उन्हात नको, वाकते. फ्रीजवर नको, गॅसजवळ नको. डबीत सिलिका जेलची पुडी चालते, पण ऑक्टोबर लागला की काढून टाका, नाहीतर रीड खडखडीत होते. काहीजण रीडला नेलपॉलिश लावतात, पाणी शिरू नये म्हणून. माझ्या मते हा वेडेपणा आहे. लावायच्या आधी बाटलीवर काय काय लिहिलंय ते वाचा.

नवीन रीड पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटंच वाजवायची, वाढवत न्यायची. पाठ वाकली असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने दोन-चार वेळा घासा. टोकाला हात लावू नका.

एक गोष्ट वर सांगायची टाळली. नातू वाचणारच आहे आणि मास्तर ती फोनवर सगळ्यांना सांगणारच आहेत, तर मीच सांगतो. त्या वर्षी जुलैमध्ये मास्तरांच्या डबीतल्या, त्यांच्या आणि माझ्या रीडवर बुरशी दिसली. ते गावी गेले होते. मी शहाणपणा करून सहाच्या सहा रीड आईच्या कुकरमध्ये टाकल्या आणि तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर उडदाच्या पापडासारख्या वाकलेल्या. त्या काळी रीडच्या एका पेटीला माझ्या दोन सुपाऱ्यांचे पैसे जायचे. मास्तर आले, त्यांनी एक रीड उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, ‘‘रीड म्हणजे बटाटा आहे का?’’ विसर्जनाला माझ्याकडे स्वतःची एकही रीड नव्हती ती यामुळे. त्यांनी दिलेली रीड त्यांच्या शेवटच्या दोनपैकी एक होती.

म्हणून उकळण्याबद्दल मी जे वर लिहिलंय ते ऐकीव नाही.

माउथपीसचं राहिलं. एबोनाइटचा (कडक काळ्या रबराचा) असेल तर गरम पाणी लावू नका, हिरवट-तपकिरी पडतो आणि गंधकाचा वास सुटतो. साधं पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश. वाद्याच्या पेटीतलं मखमली अस्तरही उन्हात टाका. बुरशी तिथेही असणार, आणि नवीन रीडला ती तिथूनच लागेल.

टेनरला (ऑल्टोपेक्षा मोठ्या सॅक्सोफोनला) किती नंबरची रीड घ्यावी तेही विचारलं होतंत. टेनर मी वाजवत नाही.