वाचकांचे प्रश्न : लष्करी तळाच्या किनाऱ्यावर गाडी नेताना

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलायना राज्यातील केरी येथे राहतो. माझे मेव्हणे कॅम्प लेजून या मरीन तळावर नोकरीस आहेत. तळाच्या हद्दीतील ऑन्स्लो बीचवर परवाना काढून स्वतःची फोर व्हील ड्राइव्ह गाडी वाळूत नेता येते, असे ते सांगतात. मात्र परवाना असूनही अनेकदा परत फिरवतात, आणि उन्हाळ्यात तर निर्बंध फारच कडक असतात. याच राज्यात इतरत्र समुद्रकिनारा सर्वांना खुला आहे. मग येथेच एवढी बंधने का?

उत्तर : नॉर्थ कॅरोलायनात समुद्रकिनाऱ्यावर वावरण्याचा जनतेचा हक्क परंपरेने मानला गेला आहे, हे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु तो हक्क तळाच्या फाटकाबाहेरच राहतो. कॅम्प लेजूनची जमीन संघराज्य सरकारची असून तेथे कोणाला येऊ द्यायचे हे तळाचे प्रमुख ठरवतात. लष्करी हद्दीत मनाई असलेल्या कामासाठी शिरणे, किंवा एकदा बंदी घातल्यानंतर पुन्हा प्रवेश करणे, हा संघराज्य कायद्याने गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून आपल्या मेव्हण्यांच्या हातातील परवाना ही सवलत आहे असेच समजावे. ती ज्या दिवशी देता येत नाही, त्या दिवशी कारण विचारूनही फारसा उपयोग होत नाही.

या सवलतीचे मूळ 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या 11644 क्रमांकाच्या आदेशात आहे. सरकारी जमिनींवर, त्यात संरक्षण खात्याच्या जमिनीही आल्या, वाळू-चिखलात फिरणाऱ्या खासगी गाड्यांना कोठे मुभा आणि कोठे बंदी हे प्रत्येक खात्याने आखून द्यावे, असे त्यात सांगितले आहे. 1977 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यात भर घातली : गाड्यांमुळे माती, वनस्पती किंवा वन्यजीवांची मोठी हानी होत असल्याचे दिसले, तर तो भाग ताबडतोब बंद करावा. त्याच दुरुस्तीने संरक्षणाच्या कामावर असलेल्या लढाऊ वाहनांना या आदेशातून वगळण्यात आले. त्यामुळे ज्या वाळूवर चिलखती गाडी साखळ्यांचे खोल चर पाडून जाते, त्याच वाळूवर आपल्या गाडीला हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडे चाक टाकता येत नाही. हे अनेकांना खटकते, परंतु कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही.

आता परत फिरवण्याविषयी. ऑन्स्लो बीच हे सुमारे 12 किलोमीटर लांबीचे अडथळा-बेट, म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेले वाळूचे अरुंद बेट, असून ते ब्राउन्स इनलेट आणि न्यू रिव्हर इनलेट या दोन खाडीमुखांच्या मध्ये आहे. 1941 साली तळासाठी ही जागा निवडली गेली ती याच किनाऱ्यासाठी, कारण समुद्रातून सैन्य उतरवण्याचा सराव येथे करता येतो. तो सराव आजही चालतो, आणि सरावाचा दिवस आला की सहलीचा दिवस आपोआप रद्द होतो. उत्तरेकडील ब्राउन्स बेट तर तोफगोळ्यांच्या सरावाचे लक्ष्यक्षेत्र असून तेथे न फुटलेला दारूगोळा असल्यामुळे पाऊल ठेवण्यासही मनाई आहे. ओहोटीला खाडीचे मुख उथळ दिसले, तरी पलीकडे जाण्याचा विचारही करू नये. वादळानंतर वाळूतून गंजलेली नळकांडी किंवा पंख असलेली एखादी वस्तू वर आलेली दिसली, तर तिला हात न लावता आल्या चाकोरीनेच मागे फिरावे आणि लगेच कळवावे.

उन्हाळ्यातील कडकपणाचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. लॉगरहेड जातीची समुद्री कासवे मे ते ऑगस्ट या काळात रात्री येथे चढून येतात, मागच्या पायांनी खड्डा खणतात, सामान्यतः शंभराहून अधिक अंडी घालतात आणि उजाडण्यापूर्वी समुद्रात परततात. मागे उरतो तो वाळूवरचा रुंद माग, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारख्या पायांच्या खुणा असलेला. पहाटे पाहणीस निघालेले कर्मचारी या मागावरूनच घरटे शोधून त्याला खुणेचे खांब लावतात. त्यांच्या आधी एखादी गाडी गेली तर माग पुसला जातो, आणि घरटे कोणालाही न कळता दिवसभर चाकांखाली राहते. पिल्ले सुमारे दोन महिन्यांनी, बहुधा रात्रीच, बाहेर पडतात. बोटभर लांबीच्या त्या पिल्लांना टायरच्या चरातून वर चढता येत नाही. चर किनाऱ्याला समांतर असल्यामुळे ती समुद्राकडे जाण्याऐवजी त्यातच पुढे सरकत राहतात, थकतात आणि सकाळी पक्ष्यांच्या किंवा खेकड्यांच्या तावडीत सापडतात. गाडीच्या दिव्यांमुळे त्यांची दिशा चुकते ती वेगळीच. म्हणूनच मोसमात रात्री गाडी चालवण्यास बंदी असते; ‘दिवे मालवून हळू नेतो’ ही सबब चालत नाही, आणि चालू नये असेच माझे मत आहे.

यापुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. 1960 च्या साइक्स कायद्यानुसार लष्करी तळांना आपल्या हद्दीतील निसर्गाच्या व्यवस्थापनाचा आराखडा करावा लागतो. 2014 साली लॉगरहेड कासवांसाठी अनेक किनारे ‘अत्यावश्यक अधिवास’, म्हणजे कायद्याने विशेष संरक्षण दिलेल्या जागा, म्हणून घोषित झाले, तेव्हा ऑन्स्लो बीचला त्यातून सूट मिळाली, कारण तळाच्या आराखड्यातून कासवांचे संरक्षण आधीच होत असल्याचे मान्य झाले. सरावाची मोकळीक ही सूट मिळाल्यामुळे बरीचशी टिकून आहे. सहलीच्या गाड्यांनी घरटी तुडवली जाऊ लागली, तर ती सूट ज्यावर उभी आहे तो आधारच डळमळेल, आणि चार गाडीवाल्यांच्या हौसेसाठी कोणताही तळप्रमुख ती जोखीम पत्करणार नाही. फाटकावरच्या शिपायाची ताठर भूमिका आपल्याला आडमुठेपणाची वाटली, तरी तिच्यामागे हा हिशेब असतो.

आपल्या बेताविषयी सांगायचे, तर उन्हाळ्याचा आग्रह सोडून थंडीतला दिवस निवडावा. निघण्याच्या दिवशी सकाळी आपल्या मेव्हण्यांनी त्या दिवसापुरता किनारा खुला आहे का, आणि कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत, हे तळाच्या संबंधित कार्यालयाकडून विचारून घ्यावे. मागच्या वर्षीचे उत्तर यंदा गृहीत धरू नये.

प्रश्न : वाळूत जाण्यासाठी गाडीत काय असावे? भाड्याची गाडी चालेल का?

उत्तर : भाड्याची गाडी नेऊ नये. बहुतेक करारांत पक्का रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाई असते, आणि खाऱ्या पाण्यात अडकलेल्या गाडीचा खर्च विमा कंपनी सहसा देत नाही.

साहित्याबाबत त्याच राज्यातील केप हॅटरास राष्ट्रीय किनाऱ्याचे नियम चांगला नमुना ठरतात. तेथे परवान्यासोबत फावडे, जॅक, जॅकखाली ठेवण्याची फळी आणि हवेचा कमी दाब मोजणारे मापक बाळगणे सक्तीचे आहे. वेगाची सर्वसाधारण मर्यादा ताशी 15 मैल असून टायरमधील हवा 20 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पौंडांत मोजलेला दाब) उतरवण्याचा सल्ला दिला जातो. हवा कमी केली की टायर पसरतो, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि चाक रुतण्याऐवजी वाळूवर तरंगल्यासारखे चालते. चाक जागच्या जागी फिरू लागले की ॲक्सलरेटर दाबू नये, कारण त्यामुळे खड्डा अधिकच खोल होतो. उतरून चाकांपुढची वाळू काढावी, हवा आणखी थोडी कमी करावी आणि आपल्याच चाकोरीने मागे यावे. पक्क्या रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरून घ्यावी, अन्यथा वेगात टायर तापून फुटण्याचा धोका असतो.

तळावर मात्र तळाचेच नियम लागू होतात. केप हॅटरासचा परवाना तेथे दाखवून उपयोग नाही. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरचे गवत यांना दोन्हीकडे सारखेच संरक्षण आहे : मुळे तुटली की टेकडी वाऱ्याने उडते, आणि पुढच्या वादळात समुद्र थेट आत येतो.

प्रश्न : भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत नेता येईल का?

उत्तर : अमेरिकेचे नागरिक नसलेल्या पाहुण्यांची पडताळणी आगाऊ करावी लागते, फाटकावर पोहोचून पासपोर्ट दाखवल्याने काम होईल असे समजू नये. आपल्या मेव्हण्यांनी बऱ्याच दिवसांपूर्वी पाहुणे-प्रवेशाच्या कार्यालयात अर्ज करावा. आपले स्वतःचे ड्रायव्हिंग लायसन्सही रिअल आयडीच्या, म्हणजे ओळखपत्रांसाठी संघराज्याने ठरवलेल्या निकषांत बसणारे असावे, कारण 7 मे 2025 पासून संघराज्याच्या अशा ठिकाणी प्रवेशासाठी ही अट लागू झाली आहे.

पाहुण्यांच्या वागणुकीची जबाबदारी त्यांना आत आणणाऱ्यावर असते. आपण दोरी ओलांडली, तर दंड आपल्याला होईल, परंतु जाब मेव्हण्यांच्या वरिष्ठांपुढे त्यांना द्यावा लागेल आणि त्यांचा परवानाही जाऊ शकेल. वडिलांना फाटकाची किंवा लष्करी वाहनांची छायाचित्रे काढण्याची हौस असेल, तर त्यांना आधीच सांगून ठेवावे. ड्रोन घरीच ठेवावा.