जत्रेची रात्र आणि चोडणची सकाळ: मिररलेस कॅमेरा व लेन्स कशा निवडाव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण डिचोलीत राहता, आपल्याकडे निकॉनचा डी ५३०० हा जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, त्यासोबत १८–५५ आणि ५५–३०० या दोन झूम लेन्स आहेत आणि काकांनी दिलेली ५० मिमी एफ १.८ डी ही लेन्स आहे. दशावतारी नाटके, जत्रा आणि चोडण व करमळी येथील पक्षी हे आपले आवडीचे विषय आहेत. सुमारे दीड लाखात मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा घ्यायचा आहे, तो कोणता घ्यावा आणि जुन्या लेन्स त्यावर चालतील का, असे आपण विचारले आहे. मी फोंडा तालुक्यातला आहे, गेली अनेक वर्षे देवळांतले उत्सव आणि रात्रीची नाटके टिपतो आहे आणि काही वर्षांपूर्वी मीही डीएसएलआरवरून मिररलेसकडे आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या प्रश्नात चार बॉडींची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांची, नावे आहेत, पण नव्या लेन्सचे एकही नाव नाही. माझ्या मते निवडीला इथूनच उलट दिशेने सुरुवात करायला हवी. आपल्याला लागणाऱ्या लेन्स दोनच आहेत: एक रात्रीच्या मंडपासाठी, दुसरी पक्ष्यांसाठी. या दोन्ही कोणत्या माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडण्याची ठरावीक बैठक) आपल्या पैशांत मिळतात ते पाहावे, माउंट ठरवावे आणि मग त्या माउंटमधली जी बॉडी उरलेल्या पैशांत बसेल ती घ्यावी. आजच्या कोणत्याही चांगल्या कंपनीच्या मधल्या दर्जाच्या बॉडीत आपल्या डी ५३०० पेक्षा फोकस कितीतरी अचूक आहे, डोळा ओळखणारा आहे, त्यामुळे बॉडीबॉडींतला फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी आहे. लेन्सच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही.

आधी रात्रीचा विचार करू. पेडण्याकडे देवळाच्या प्रांगणात दशावतार उभा राहतो तेव्हा रंगमंचावर उजेड बऱ्यापैकी असतो असे डोळ्यांना वाटते, कारण डोळे सरावलेले असतात; कॅमेऱ्याला तो फार कमी असतो. पात्र गिरकी घेते किंवा युद्धाचा प्रवेश रंगतो तेव्हा शटर सेकंदाच्या १२५व्या भागापेक्षा हळू ठेवता येत नाही, नाहीतर हात आणि तलवार दोन्ही पुसट येतात. एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे, आणि आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्र दाणेदार होते. अशा वेळी बॉडीसोबत येणाऱ्या किट लेन्सने एफ ५.६ वर आयएसओ १२८०० लागत असेल, तर एफ १.८ वर तेच चित्र साधारण १२५० वर मिळते, कारण एफ १.८ चे छिद्र जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. बॉडी बदलून हा दहापटीचा फरक मिळत नाही. नव्या सेन्सरमुळे थोडी सुधारणा होते, परंतु चेहऱ्यावरच्या रंगभूषेचे बारकावे, मुकुटावरचे काम आणि सावलीतला सोवळ्याचा रंग टिकवायचा असेल तर मोठ्या छिद्राची लेन्सच हवी. इथे बॉडीतल्या किंवा लेन्समधल्या स्थिरीकरणाचाही उपयोग मर्यादित आहे. ते आपला हात स्थिर करते, समोरच्या नटाला नाही.

मंडपात किती मिमीची लेन्स हवी (आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते) हे मी सांगण्यापेक्षा आपल्या जुन्या फोटोंनाच विचारावे. गेल्या दोन हंगामांतले आपल्याला सर्वांत आवडलेले चाळीसेक फोटो संगणकावर उघडावेत, प्रत्येकाच्या माहितीत तो किती मिमीवर काढला ते नोंदलेले असते, ते कागदावर लिहून काढावे. बहुतेक आकडे तिशीच्या आसपास असतील तर आपल्याला संपूर्ण रंगमंच आणि प्रेक्षकांची पाठ आवडते. पन्नाशीच्या पुढे असतील तर चेहरे आवडतात. या एका कागदावर आपली पहिली लेन्स ठरते. पहिल्या गटासाठी सिग्माची ३० मिमी एफ १.४ आणि दुसऱ्यासाठी ५० किंवा ५६ मिमीची लेन्स योग्य. सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमीच्या एफ १.४ लेन्स सोनी ई, फुजीफिल्म एक्स, निकॉन झेड आणि कॅनन आरएफ या चारही माउंटमध्ये मिळतात, म्हणून रात्रीची लेन्स आपल्याला कोणत्याही एका कंपनीशी बांधून ठेवत नाही.

बांधून ठेवते ती पक्ष्यांची लेन्स. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात भरतीच्या वेळी होडीतून खारफुटीत शिरल्यावर तिकाटणे निरुपयोगी ठरते. सगळे हातातच धरावे लागते, आणि दोन किलोची लेन्स तासभर हातात धरून खंड्याची वाट पाहणे काय असते ते मी अनुभवले आहे. निकॉनची झेड १८०–६०० आणि सोनीची २००–६०० या दोन्ही लेन्स उत्तम आहेत, पण त्यांचे वजन दोन किलोच्या आसपास आहे आणि एकेका लेन्सलाच आपले सगळे पैसे लागतील, कदाचित कमीही पडतील. हलक्या पर्यायांत कॅननची आरएफ १००–४०० एफ ५.६–८ ही ६३५ ग्रॅमची आहे, सोनीची ७०–३५० सुमारे तेवढ्याच वजनाची आहे आणि फुजीफिल्मची ७०–३०० तर ५८० ग्रॅमची आहे. निकॉन झेडमधली ५०–२५० डीएक्स खूप हलकी असली तरी करमळीच्या तळ्यावर काठावरून अडया ही बदके टिपायला २५० मिमी अपुरे पडतात.

यातल्या ३०० मिमी किंवा त्यापुढे जाणाऱ्या लेन्सपैकी कॅननची सर्वांत स्वस्त आहे, आणि कॅननच्या एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरचा गुणक १.६ असल्याने ४०० मिमीला पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, ६४० मिमीइतका दृश्यकोन मिळतो. तिची उणीवही स्पष्ट सांगतो: ४०० मिमीला एफ ८ म्हणजे कमी उजेडाची लेन्स. उघड्या चिखलाटीवर, तळ्याकाठी, हिवाळ्यातल्या नऊ वाजताच्या उन्हात ती सुरेख चालते. पण मोले किंवा बोंडल्याच्या दाट झाडीत धनेश फांदीआड बसला असेल तर आयएसओ वर न्यावाच लागतो. आपण मुख्यतः चोडण आणि करमळी लिहिले आहे, म्हणून ही उणीव आपल्याला सोसवेल असे मला वाटते.

आता जुन्या लेन्सविषयी, कारण आपल्या मनात निकॉनचा ओढा त्यांच्यामुळे आहे हे प्रश्नातून जाणवते. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा सोडावी लागे. १९५९ साली आलेल्या निकॉन एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे. आरसा गेल्यावर २०१८ साली निकॉनने झेड माउंट आणले, त्यात ते फक्त १६ मिमी आहे. उरलेले ३०.५ मिमी भरून काढणारी नळी म्हणजेच अडॅप्टर, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवता येते, उलट मात्र करता येत नाही. परंतु लेन्स बसणे आणि लेन्स चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर आपल्या १८–५५ आणि ५५–३०० या लेन्स स्वयंफोकससह चालतील, कारण त्यांची मोटर त्यांच्यातच आहे. ५० मिमी डी लेन्समध्ये मोटर नाही, ती बॉडीतल्या स्क्रूने फिरते. आपल्या डी ५३०० मध्येही तो स्क्रू नाही, म्हणूनच आजवर ती आपण हाताने फोकस करत आला असाल, आणि एफटीझेडवरही तसेच करावे लागेल.

हे सगळे धरून माझे मत असे की, या तीन लेन्सपैकी दोघींसाठी माउंट निवडू नये. १८–५५ पेक्षा नव्या बॉडीसोबत येणारी किट लेन्स सहसा लहान आणि बरी असते, ५५–३०० चा फोकस मुळातच संथ आहे आणि नव्या बॉडीवर तो वेगवान होत नाही. काकांची ५० मिमी मात्र जपावी. तिच्यावर छिद्राचे स्वतंत्र कडे आहे, त्यामुळे ती साध्या धातूच्या अडॅप्टरने जवळजवळ कोणत्याही मिररलेसवर वापरता येते, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठे करून किंवा फोकस झालेल्या कडा रंगवून दाखवण्याची सोय वापरली तर हाताने फोकस करणे डीएसएलआरपेक्षा खूप सोपे जाते. कॅननवर अशी लेन्स लावताना मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर उघडण्याची परवानगी चालू करावी लागते, नाहीतर कॅमेरा फोटोच काढत नाही.

म्हणून आपल्या जागी मी असतो तर कॅनन ईओएस आर १० ही २०२२ साली आलेली बॉडी १८–४५ किट लेन्ससह घेतली असती, आणि तिच्यासोबत आरएफ ५० मिमी एफ १.८, जी १६० ग्रॅमची आणि स्वस्त आहे. याच दोन लेन्सवर चवथ (गणेशचतुर्थी), कुंभारजुव्याचा सांगोड हा होड्यांवरचा विसर्जनाचा उत्सव आणि पुढच्या जत्रा टिपल्या असत्या आणि आरएफ १००–४०० हिवाळी पक्षी यायच्या सुमारास, पैसे जमल्यावर घेतली असती. आर १० मध्ये बॉडीतले स्थिरीकरण नाही; ते हवेच असेल तर आर ७ पाहावा, पण मग लेन्सचे पैसे बॉडीत जातात आणि ते मला पटत नाही. पक्ष्यांपेक्षा नाटकच आपल्याला अधिक प्रिय असेल, तर निकॉन झेड ५० ची २०२४ साली आलेली दुसरी आवृत्ती आणि सिग्माची ५६ मिमी ही जोडी तितकीच चांगली, आणि एफटीझेड घेऊन ५५–३०० वर दोन वर्षे काढता येतील. सोनीच्या ई माउंटमध्ये इतर कंपन्यांच्या लेन्सची निवड सर्वांत मोठी आहे आणि फुजीफिल्मचे रंग मला स्वतःला फार आवडतात, परंतु आपल्या रकमेत या दोन्हींत पक्ष्यांची लेन्स आणि चांगली बॉडी एकत्र बसवणे कठीण जाते. पूर्ण फ्रेमच्या मोहात तर या रकमेत पडूच नये.

वापरलेली लेन्स घेताना केवळ कंपनीचे नाव पाहून पैसे देऊ नयेत. कॅननच्या ईएफ-एम माउंटच्या लेन्स स्वस्तात विकायला दिसतात. त्या आरएफ बॉडीवर कोणत्याही अडॅप्टरने नीट बसत नाहीत. याउलट डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स कॅननच्या अडॅप्टरवर पूर्ण चालतात. दुकानदाराला माउंटचे नाव विचारावे आणि ते लेन्सवर किंवा खोक्यावर स्वतः वाचावे.

मिररलेसमधला आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर नाटकात फार उपयोगी वाटतो, आणि गाभाऱ्याजवळ तर तो हवासाच वाटतो. पण आजकाल मंडपात आणि रोषणाईत सगळीकडे एलईडी दिवे असतात आणि त्यांच्या लुकलुकण्यामुळे या शटरने चित्रात आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून तेथे यांत्रिक शटर आणि सेकंदाचा १००वा भाग वापरून पाहावा. गिरक्यांच्या प्रवेशापूर्वी १२५ वर नेऊन पट्टे येतात का ते एकदा तपासावे.

शेवटची गोष्ट गोव्याच्या हवेची आहे आणि ती मी कळकळीने सांगतो. माझी एक चांगली टेलिफोटो लेन्स एका आषाढात चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात राहिली. चवथीला बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. साफ करून घेतली, तरी काचेवरच्या लेपाचे नुकसान राहिले आणि दिव्यांकडे रोखल्यावर चित्र आजही धुरकट येते. म्हणून दीड लाखातून काही रक्कम आधीच वेगळी काढून आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवणारी विजेवरची लहान कोरडी पेटी घ्यावी. नाहीच जमले तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे. चामड्याच्या किंवा कापडी पाकिटात लेन्स पावसाळाभर कधीही ठेवू नये. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर पिशवी वीसेक मिनिटे बंदच ठेवावी, म्हणजे काचेवर दव धरत नाही. आर १० किंवा झेड ५० या बॉडी माशेलच्या चिखलकाल्यातल्या पावसासाठी बनवलेल्या नाहीत, तेथे पावसाळी आवरण हवेच.

जुन्या बॅटऱ्या नव्या बॉडीत चालणार नाहीत आणि मिररलेसची बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते. रात्रभर चालणाऱ्या नाटकासाठी निदान दोन जास्तीच्या बॅटऱ्या बॉडीसोबतच घ्याव्यात, आणि पावतीवर बॉडी व प्रत्येक लेन्सचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण भारतातली कंपनीची हमी त्याच पावतीवर मिळते.