बँकरप्सी फाइल करून घराचा लिलाव किती वेळा टळतो?

एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, टेक्सासातल्या ऑस्टिनला आल्या आल्या घर घ्यायचं, आणि पुढे हप्ते थकलेच तर बँकरप्सी म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज फाइल करत लिलाव लांबवायचा, असं कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलंय. हे चालतं का, तर एकदा चालतं. तेही पगार चालू असेल तर.

पहिला अर्ज कोर्टात पडला की त्या क्षणी स्टे लागतो, म्हणजे वसुली आणि लिलावाला स्थगिती मिळते. घर वाचवायचं तर चॅप्टर १३, म्हणजे हप्त्यांनी फेडायच्या प्लॅनची दिवाळखोरी. थकबाकी तीन ते पाच वर्षांत फेडायची, चालू हप्ता वेगळा. त्यासाठी नियमित उत्पन्न लागतं. नोकरी गेली की एच-१बीवाल्याला अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर फेडणार कशातून?

बरेच जण घाईत नुसता अर्ज टाकतात. क्रेडिट काउन्सेलिंग (कर्जाबद्दलचं सल्लासत्र) अर्जाआधीच्या १८० दिवसांत झालेलं हवं, बाकीचे कागद १४ दिवसांत, प्लॅनचा पहिला हप्ता ३० दिवसांत. यातलं काही चुकलं की केस डिसमिस व्हायला, म्हणजे फेटाळली जायला, वेळ लागत नाही.

मग डिसमिस झाल्यापासून वर्षाच्या आत दुसरा अर्ज केलात तर स्टे ३० दिवसच. वाढवून हवा तर सुनावणीही त्याच ३० दिवसांत उरकावी लागते, आणि हेतू प्रामाणिक आहे हे तुम्ही पटवायचं. वर्षात दोन केसेस डिसमिस झालेल्या असतील तर तिसऱ्या अर्जाला स्टे आपोआप लागतच नाही. ही दिवाळखोरी कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीची करामत. ‘आता बायकोच्या नावावर करू’ हीसुद्धा पळवाट उरत नाही: लिलाव लांबवण्याचा डाव दिसला तर जज थेट घरावरच ऑर्डर काढतो. ती काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मालमत्ता नोंदीत नोंदवली की दोन वर्षं अर्ज कुणीही करो, त्या घराला स्टे मिळत नाही.

टेक्सासात एरवीच्या गृहकर्जाला बँक कोर्टाची पायरीही चढत नाही. २१ दिवसांची नोटीस, मग महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, १० ते ४ मध्ये लिलाव. सकाळी घर विकलं गेलं आणि दुपारी अर्ज केलात, तर काही उपयोग नाही.

खरा वेळ त्याआधीच हातात असतो. राहत्या घराचे हप्ते १२० दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय सहसा फोरक्लोजर, म्हणजे घर जप्त करून विकायची कारवाई, सुरूच करता येत नाही. त्या काळात सर्व्हिसरकडे, म्हणजे तुमचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडे, सवलतीचा अर्ज द्या. लिलावाला ३७ पेक्षा जास्त दिवस असताना तो पूर्ण पोचला, तर निकाल लागेपर्यंत लिलाव करता येत नाही. पूर्ण म्हणजे एकही बँक स्टेटमेंट कमी नको. किंवा सरळ घर विका. आणि ‘घराचा ५ टक्के हिस्सा अमक्याच्या नावावर करा, आम्ही लिलाव थांबवतो’ म्हणत आधी फी मागणाऱ्याला दारातही उभं करू नका.