घरखर्चाची गळती: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: यादी घेऊन सुपरमार्केटात जातो, तरी अडीच हजारांचं बिल चार हजारांवर जातं. स्वस्त पडतं म्हणून मोठी पाकिटंच घेतो. कुठे चुकतं? (सातारा)

उत्तर: यादी डबे उघडून, समोरच्या जिन्नसाचा अंदाज घेऊन करा आणि प्रत्येक नावापुढे वजन लिहा. नुसतं ‘तूरडाळ’ लिहिलं की दुकानातली ऑफर वजन ठरवते. चौघांच्या घरात रोजच्या वरणाला १०० ग्रॅम डाळ धरली, तर महिन्याला ३ किलो पुरते.

मोठं पाकीट स्वस्त असेलच असं नाही. पाकिटावर आता एमआरपीजवळ दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापलेला असतो, तो ताडून बघा. तेलात फसगत जास्त. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण तेवढ्याच दिसणाऱ्या पिशवीत ७५० किंवा ८५० ग्रॅमही असतं. म्हणून तेल नेहमी ग्रॅमवर तोला.

आणि टिकणार नसेल तर मोठं पाकीट महागच. पावसाळ्यात रव्याला जाळी धरते, बेसन आणि शेंगदाणे खवट होतात. आषाढ-श्रावणात हे महिन्यापुरतंच आणा, रवा आल्याआल्या भाजून ठेवा. गव्हाची बेगमी मात्र परवडते. चौघांना महिन्याला ८ किलो लागत असेल तर वर्षाला क्विंटलभर. एप्रिल-मेमध्ये घ्या, कडक ऊन द्या, दाणा दाताखाली कटकन फुटला की वाळला समजा. पण गरम गहू कोठीत भरू नका. आत घाम धरतो आणि बुरशी येते. रात्रभर पसरून निवू द्या. तांदूळ उन्हात घालायचा नाही. तो चिरतो, मग भाताच्या कण्या होतात.

प्रश्न: २४,००० रुपयांचा फोन ‘नो कॉस्ट ईएमआय’वर ६ महिने ४,००० रुपयांनी मिळतोय. व्याज नाही, मग घ्यायला काय हरकत? (डोंबिवली)

उत्तर: व्याज असतं. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून ते दिसत नाही. समजा क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांना बँकेचा दर १६ टक्के आहे. मग कर्ज सुमारे २२,९१८ रुपयांचं आणि व्याज १,०८२ रुपयांचं. या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९५ रुपये, तुमच्या माथी. वर प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट २३५. झाले ४३० रुपये. तोच फोन रोखीने घेतला तर दुकानदार काय कमी करतो, हेही विचारा. ती सुटलेली सूटही किमतीतच धरा.

खरी भीती पुढची. हप्ते चालू असताना कार्डाचं बिल जड झालं की माणूस ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बँकेने मागितलेली किमान रक्कमच भरतो. बिल २०,०००, भरले १,०००. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, त्यावर १२० जीएसटी. म्हणजे भरलेल्या हजारातले ७८५ तिथेच गेले. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, अगदी पेट्रोलवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. जुना फोन चालत असेल तर बँकेत ६ महिने दरमहा ४,००० चं रिकरिंग खातं काढा आणि मग रोखीने घ्या.

प्रश्न: यूपीआयने चहा, रिक्षा, वडापाव यांवर किती जातात ते कळतच नाही. पासबुकातही दिसत नाही. (पुणे)

उत्तर: तुम्ही यूपीआय लाइट वापरत असणार, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं आणि पिनशिवाय छोटे खर्च करायचं पाकीट. त्यात पासबुकावर फक्त भरणा उमटतो, एकेक खर्च नाही. तो अ‍ॅपच्या इतिहासात सापडतो. आम्ही तर म्हणू, याचाच फायदा घ्या. दर सोमवारी ठरलेले ५०० रुपये लाइटमध्ये भरा, आपोआप भरणा बंद ठेवा. गुरुवारी संपले तर गुरुवारी कळेल.

त्याच अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा. फुकट चाचणी म्हणून घेतलेली अ‍ॅप्स तिथे दरमहा पैसे कापत असतात. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणून मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द होत नाही, ते तिथेच जाऊन रद्द करावं लागतं.