एका डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, दुसऱ्यांनी ऑटिझम. खरं कोणतं मानायचं?

प्रश्न असा आहे: भाचा 19 वर्षांचा, देवगडकडच्या गावात राहतो. लहानपणापासून एकलकोंडा, ठरलेल्याच ताटात जेवणारा, एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ. गेल्या सात-आठ महिन्यांत कॉलेज सुटलं, रात्र रात्र जागतो, एकटाच बोलतो आणि 'नाक्यावरचे पोरगे माझ्यावर नजर ठेवतात' म्हणतो.

यात एक डॉक्टर चुकलाच असेल असं धरू नका. ऑटिझम ही लहानपणापासूनची मेंदूची वेगळी घडण, स्किझोफ्रेनिया हा बहुधा तारुण्यात सुरू होणारा भ्रम-भासांचा आजार. दोन्ही एकाच माणसात असू शकतं. ऑटिझम असणाऱ्यांत सायकोसिसचं (भ्रम-भास होऊन वास्तवाशी नातं सुटण्याचं) प्रमाण इतरांपेक्षा जास्तच आढळतं. गोंधळ जुना आहे. 'ऑटिझम' हा शब्दच ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून वापरला होता. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये मुलांमधल्या ऑटिझमचं वर्णन केलं, पण अमेरिकन निदान-पुस्तिकेत दोन्ही वेगळे झाले ते 1980 मध्ये. 2013 च्या आवृत्तीतला नियम असा: आधीपासून ऑटिझम असेल तर ठळक भ्रम (खोटी पण पक्की समजूत) किंवा भास (नसलेलं ऐकू येणं, दिसणं) किमान महिनाभर टिकले (उपचारांनी लवकर थांबले तर त्याहून कमी) आणि स्किझोफ्रेनियाच्या बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या, तरच ते दुसरं निदान जोडायचं. बाकीच्या अटींत एकूण सहा महिन्यांचा आजारही आला.

म्हणजे सगळं अडतं एका गोष्टीवर: पहिल्यापासूनचं काय आणि नवं काय. नजर न देणं, कोरा चेहरा, तुटक बोलणं हे दोन्हीकडे दिसतं. ओपीडीतल्या दहा मिनिटांत ते वेगळं करता येत नाही. ऑटिझमच्या चाचणीतले गुणही जुन्या स्किझोफ्रेनियात वाढलेले दिसू शकतात, कारण चाचणी बरीचशी आजचं वागणं मोजते.

तेव्हा दोन पानी कागद तयार करा. पहिल्या पानावर पाच वर्षांपर्यंतचं: हाक मारल्यावर वळायचा का, हवी ती वस्तू बोटाने दाखवायचा की आपला हात धरून न्यायचा, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचा का, शिमग्यात ढोल वाजला की कान झाकायचा का. आईला विचाराच, पण अंगणवाडीच्या बाईंनाही विचारा, आणि बारशा-लग्नाचे जुने व्हिडिओ काढा. दुसऱ्या पानावर गेली दोन वर्षं, महिन्यावार. तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. गेल्या गणपतीत आरतीला उभा होता का? त्याच्या आदल्या वर्षी? इथे मुंबईहून वर्षातून एकदा येणाऱ्या काका-आत्यांना जरूर विचारा. रोज बघणाऱ्याला जे हळूहळू अंगवळणी पडतं, ते त्यांच्या चटकन नजरेत भरतं.

प्रश्न विचारण्यात फार चुका होतात. 'तुका आवाज ऐकाक येतत काय?' यावर ऑटिझम असलेला मुलगा सरळ 'हो' म्हणेल. येतातच की, पंख्याचा, गजालीचा, तुमचा. प्रश्न असा हवा: 'खोलीत कोणी नसताना, मोबाइल बंद असताना, इतरांना ऐकू न येणारं माणसाचं बोलणं तुला ऐकू येतं का? ते काय म्हणतं?' आणि घरी मालवणी बोलत असेल तर मालवणीतच.

एकटं बोलण्याचंही तसंच. मालिकेतले तेच संवाद वर्षानुवर्षं म्हणत असेल तर ती जुनी सवय. मध्येच थांबतो, कान देतो, उत्तर देतो, घाबरतो आणि हे यंदाच सुरू झालंय, तर भासांची शंका घ्यावी. 'पोरगे नजर ठेवतात' याला भ्रम म्हणण्याआधी नाक्यावर चौकशी करा आणि त्याच्या संमतीने मोबाइलवरचे मेसेज बघा. अशा मुलांची टिंगल खरोखरच होते. विजेच्या खांबात कॅमेरा आहे, बातम्या देणारी बाई माझ्याशीच बोलते, कोणी माझ्या डोक्यात विचार घालतं, हे मात्र टिंगलीतून येत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते ती कॅटाटोनिया, म्हणजे हालचाल मध्येच गोठणं किंवा अतिशय मंदावणं. दारातच अडकून उभा राहणं, घास तोंडात धरून बसणं, एका कामाला तासभर लागणं. घरचे याला हट्ट समजतात. त्यावर डॉक्टर साधारणपणे लोराझेपाम हे शांत करणारं औषध देऊन पाहतात. सायकोसिसच्या काही गोळ्यांनी ते उलट बिघडू शकतं. ताप आणि अंग ताठ झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

झटके, गांजा, थायरॉइड, बी-12 हे तपासून घ्या. ऑटिझममध्ये फिट्स येणं काही दुर्मीळ नाही, म्हणून शंका असल्यास ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी). काही आठवड्यांतच सगळं बिघडलं असेल आणि सोबत फिट्स किंवा विचित्र हालचाली असतील तर मेंदूची सूज नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

गोळीने फरक पडला म्हणजे निदान सिद्ध झालं, असं नाही. रिस्पेरिडोन ही सायकोसिसवरची गोळी दोन्हीकडे देतात, ऑटिझममध्ये चिडचिडीसाठी. सुरुवात कमी डोसने, वाढ सावकाश. गोळी सुरू झाल्यावर येरझाऱ्या वाढल्या तर तो दुष्परिणाम असू शकतो. तो आजार समजून डोस वाढवला की मुलगा आणखी बेचैन होतो, आणि असे मुलगे त्रास शब्दांत सांगत नाहीत. वजन, कंबर, उपाशीपोटी रक्तातली साखर आणि चरबी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी मोजा. गोळी अचानक बंद करू नका. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण भगताच्या सांगण्यावरून औषध, जेवण किंवा झोप तोडू नका.

सरकारी सोयीत रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे आणि फोनवर विचारायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची घाई नको. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आणि मानसिक आजार हे वेगळे प्रकार आहेत. ऑटिझमसाठी 40 मुद्द्यांची भारतीय चाचणी होते, 70 पासून पुढे ऑटिझम धरतात. निरामय या सरकारी आरोग्य विम्याचं 1 लाखापर्यंतचं कवच ऑटिझमला मिळतं, नुसत्या मानसिक आजाराला नाही. कागदावर चुकीचा प्रकार चढला की बदलून घ्यायला पुन्हा खेटे.

जेवण-पाणी सोडलं, मरणाची भाषा सुरू झाली, किंवा 'आवाज मला सांगतो तसं करणार' म्हणाला, तर दोन पानी कागद नंतर लिहा. आधी गाडी काढा.